ल्युकेमिया आणि आतडे : दुर्बिणीला दिसते ते आणि न दिसते ते

ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग. त्याची सुरुवात हाडांच्या पोकळीतल्या अस्थिमज्जेत होते आणि त्याच्या पेशी रक्ताबरोबर फिरताना वाटेतल्या अनेक अवयवांत मुक्काम करतात. प्लीहा, यकृत, लसीकाग्रंथी, हिरड्या, त्वचा, मेंदूची आवरणे ही त्यांची नेहमीची ठिकाणे वैद्यकाच्या विद्यार्थ्याला पाठ असतात. आतड्याचे नाव त्या यादीत शेवटी येते, कधी येतही नाही. वास्तविक शरीरातल्या लिम्फॉइड ऊतींचा सर्वांत मोठा साठा आतड्याच्या भिंतीतच असतो. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, म्हणजे टर्मिनल इलियममध्ये, पायरच्या चकत्या असतात. अपेंडिक्सच्या भिंतीत लिम्फोसाइटचे पुंजके दाटीने बसलेले असतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराखालीही ते ठिकठिकाणी विखुरलेले असतात. निरोगी लिम्फोसाइट रक्तातून आतड्यात शिरते ती आपल्या पृष्ठभागावरच्या ठरावीक रेणूंच्या आधाराने, कारण त्या रेणूंना धरून ठेवणारे जोडीदार आतड्यातल्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूला असतात. लिम्फोसाइटपासून उपजलेली कर्करोगाची पेशी पुष्कळदा हे रेणू टिकवून ठेवते आणि त्याच वाटेने आत येते. मायलॉइड ल्युकेमियात मोनोसाइट वंशाचे जे प्रकार आहेत, जुन्या वर्गीकरणातले एम ४ आणि एम ५, त्यांच्या पेशींना तर रक्तवाहिनीबाहेर पडून ऊतींत शिरण्याची जात्याच खोड असते. अशा रुग्णाच्या हिरड्या सुजतात आणि ते दंतवैद्याच्या खुर्चीतच लक्षात येते. तीच घुसखोरी आतड्यात झाली तर ती पाहायला दुर्बीण आत घालावी लागते.

आतड्याला ल्युकेमियाचा उपद्रव चार बाजूंनी होतो. कर्करोगाच्या पेशी स्वतः भिंतीत शिरतात. प्लेटलेट कमी पडल्यामुळे अस्तरातून रक्त झिरपते. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी नाहीशा झाल्यामुळे आतड्यातलेच जंतू भिंतीत घुसतात. आणि चौथी बाजू उपचाराची : केमोथेरपी, नवी औषधे आणि बोन मॅरो प्रत्यारोपण या तिन्हींचा मार आतड्याच्या अस्तरावर बसतो. विषयाच्या नावावरून पहिला प्रकार सर्वांत मोठा वाटतो. रुग्णालयात मात्र उरलेल्या तिघांचीच गाठ अधिक वेळा पडते. त्यातही एकाच रुग्णाच्या एकाच आतड्यात दोन-तीन प्रकार एकदम नांदत असतात, आणि निदानाची खरी कसोटी तिथेच लागते.

या विषयाचे पहिले पद्धतशीर ज्ञान शवविच्छेदनातून आले. १९६२ मध्ये ब्रिटनमधील कॉर्न्स आणि जोन्स यांनी आणि १९६४ मध्ये अमेरिकेतील प्रोला आणि कर्सनर यांनी ल्युकेमियाने दगावलेल्या रुग्णांच्या पचनमार्गाची तपासणी करून निष्कर्ष प्रसिद्ध केले. भिंतीत उठलेल्या गाठी, चपटे जाड पट्टे, पॉलिपसारखे उंचवटे, मेंदूच्या वळ्यांसारख्या फुगलेल्या घड्या, व्रण आणि रक्तस्राव अशी रूपे त्या काळात नोंदली गेली; आजही पाठ्यपुस्तकांत तीच येतात. शवविच्छेदनात आतड्यात जेवढे सापडले त्यातल्या बऱ्याच गोष्टींची रुग्णाला जिवंतपणी तक्रारच नव्हती, हे त्यातून पुढे आले. नंतर केमोथेरपी प्रभावी होत गेली तसे आतड्याचे चित्रही पालटले. भिंतीत साचलेल्या कर्करोगी पेशी औषधाने वितळू लागल्या, पण औषधाने न्यूट्रोफिलही संपू लागल्या. १९७० मध्ये अमेरिकेत वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी ल्युकेमियाच्या बालरुग्णांत उंडुकाच्या, म्हणजे सीकमच्या, जीवघेण्या दाहाचे वर्णन केले. त्याला टिफ्लायटिस म्हणतात. न्यूट्रोपेनिक एन्टेरोकोलायटिस हे अधिक व्यापक नाव.

केमोथेरपी आणि आतडे यांचा संबंध मुळातच जुना आहे. आंध्रातून अमेरिकेत गेलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या घरात ट्रॉपिकल स्प्रू या आतड्याच्या विकाराने मृत्यू झाला होता आणि स्वतः सुब्बाराव यांनाही तो विकार जडला होता. पुढे लेडर्ली प्रयोगशाळेत त्यांच्या देखरेखीखाली फोलिक ॲसिड कृत्रिमरीत्या तयार झाले. ते स्प्रूवर उपयोगी पडले. फोलिक ॲसिडला अडवणारे ॲमिनोप्टेरिनही त्याच प्रयोगशाळेतून निघाले आणि बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ते तीव्र ल्युकेमिया झालेल्या १६ मुलांना दिले. त्यांतल्या १० जणांचा आजार काही काळ ओसरला, असे १९४८ च्या त्यांच्या निबंधात नमूद आहे. ॲमिनोप्टेरिनचे भावंड मेथोट्रेक्सेट आजही वापरात आहे. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी काही दिवसांत बदलत असतात, म्हणजे त्या सतत विभाजन पावत असतात. विभाजन रोखणारे औषध त्यांनाही सोडत नाही. तोंड येणे आणि जुलाब लागणे हे मेथोट्रेक्सेटचे दुष्परिणाम तिथून येतात.

जिवंत माणसाच्या आतड्याचे दर्शन मात्र उशिरा घडले. लवचीक दुर्बिणीने संपूर्ण मोठे आतडे पाहण्याची आणि त्यातला पॉलिप तिथल्या तिथे काढण्याची पद्धत न्यूयॉर्कमध्ये विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या यांनी १९६९ च्या सुमारास रुळवली. त्याआधी ल्युकेमियाच्या रुग्णाचे आतडे दिसत असे ते बेरियमच्या एक्स-रेमध्ये, नाही तर शस्त्रक्रियेच्या टेबलावर. आज नाशिकसारख्या शहरात कोलोनोस्कोपी ही रोजची तपासणी झाली आहे. आदल्या दिवशी मऊ भात, ताक, नारळपाणी एवढ्यावर राहायचे, संध्याकाळपासून पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर पाण्यात मिसळून दोन लिटर प्यायची आणि पोट धुऊन काढायचे. बियांची फळे तीन-चार दिवस आधीच बंद करतात. नाशिक जिल्ह्यातल्या कसमादे पट्ट्यातल्या डाळिंबाचे दाणे दुर्बिणीच्या शोषण नळीत अडकले की पुढची तपासणी रखडते, हे तिथल्या प्रत्येक तंत्रज्ञाला ठाऊक असते.

निरोगी मोठ्या आतड्याचे अस्तर पडद्यावर फिकट गुलाबी, ओलसर, चकचकीत दिसते. त्याखालच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या फांद्या स्पष्ट उमटतात. भिंतीत काहीही साचू लागले, पाणी, दाहाच्या पेशी किंवा ल्युकेमियाच्या पेशी, की आधी या फांद्या पुसट होतात. ल्युकेमियाच्या घुसखोरीतले सर्वांत सौम्य रूप एवढेच असते आणि ते कोणाच्याही नजरेतून निसटू शकते. पुढच्या पायरीवर काही मिलिमीटर व्यासाचे फिकट, गोलसर उंचवटे दिसतात. वरचे अस्तर शाबूत असते, कारण पेशी त्याच्याखाली साचलेल्या असतात. उंचवटे वाढले की पॉलिपसारखे वर येतात, एकमेकांत मिसळतात, घड्या जाड आणि ताठ होतात, हवा भरूनही आतडे नीट फुगत नाही. पुरवठा तुटलेल्या जागी वरचे अस्तर गळून व्रण पडतो. व्रणाची कड उंच आणि टणक असते. प्लेटलेट कमी असतील तर या सगळ्यावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके आणि अस्तराखालच्या रक्ताचे जांभळे डाग पसरतात. टर्मिनल इलियम आणि उंडुक या भागांना जास्त झळ बसते. म्हणून अशा रुग्णात दुर्बीण उंडुकापर्यंत नेऊन थांबणे पुरेसे नसते, झडप ओलांडून इलियममध्ये डोकवावे लागते.

ल्युकेमियाच्या कोणत्या प्रकारात काय दिसते याचे ठोकताळे आहेत, पण ते ठोकताळेच. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियात बारीक, फिकट गाठी विखुरलेल्या दिसतात. पुष्कळदा अस्तर अगदी सामान्य असते आणि दुसऱ्याच कारणासाठी घेतलेल्या तुकड्यात लहान, एकसारख्या लिम्फोसाइटचे ढीग सापडतात. त्यांवर सीडी ५, सीडी २० आणि सीडी २३ या खुणा असतात. जवळपास असेच चित्र मँटल सेल लिम्फोमातही दिसते, मात्र त्यात सीडी २३ सहसा नसते. आतडेभर शेकडो लहान पॉलिप उगवलेले आढळले तर पहिला संशय मँटलचाच घ्यावा, पण त्यातही अस्तर वरून स्वच्छ दिसत असताना बायोप्सीत रोग निघण्याचे प्रमाण मोठे आहे. मँटलमध्ये सायक्लिन डी १ ही खूण सापडते, क्रॉनिक लिम्फोसायटिकमध्ये ती नसते. एका खुणेच्या चाचणीवर दोन वेगळे आजार आणि दोन वेगळे उपचार ठरतात, ते असे. पाश्चात्त्य देशांत क्रॉनिक लिम्फोसायटिक हा प्रौढांतला सर्वांत नेहमीचा ल्युकेमिया. भारतात तो बराच विरळ. दुर्बिणीच्या परदेशी चित्रसंग्रहांत त्याचीच छायाचित्रे अधिक असतात आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या परीक्षेला बसणारा विद्यार्थीही तीच चित्रे पाहून तयार होतो. त्याला प्रत्यक्षात भेटणारा रुग्ण बहुधा तीव्र ल्युकेमियाचा किंवा क्रॉनिक मायलॉइडचा असतो.

तीव्र मायलॉइड ल्युकेमियात पेशी कधी कधी एका जागी जमून गाठ तयार करतात. तिला मायलॉइड सार्कोमा म्हणतात. १८११ मध्ये बर्न्स यांनी तिचे वर्णन केले आणि ताज्या कापलेल्या गाठीचा रंग हिरवट असतो म्हणून १८५३ मध्ये किंग यांनी तिला क्लोरोमा हे नाव दिले. हा रंग मायलोपेरॉक्सिडेज या एन्झाइमचा असतो आणि हवा लागली की तो फिका पडतो. दुर्बिणीच्या पडद्यावर तो हिरवेपणा दिसेलच असे नाही. दिसते ती बहुधा गाठ, नाही तर आतड्याचा अरुंद झालेला भाग. गाठ अस्थिमज्जेतल्या रोगाच्या आधीही उगवू शकते. मग रक्ततपासणी ठीक असते आणि पॅथॉलॉजिस्टसमोर येतो तो मोठ्या, गोल, अपरिपक्व पेशींनी भरलेला एक तुकडा. पहिला अंदाज लिम्फोमाचा होतो, कारण आतड्यात लिम्फोमा कितीतरी अधिक भेटतो. मायलोपेरॉक्सिडेज, लायसोझाइम, सीडी ११७, सीडी ६८ यांच्या चाचण्या मागितल्याशिवाय ही चूक उघडी पडत नाही. लहान आतड्यातल्या मायलॉइड सार्कोमाचा १६ क्रमांकाच्या गुणसूत्राच्या एका उलटापालटीशी संबंध आढळला आहे. म्हणून पेशीचा वंश कळल्यावर गुणसूत्रांची तपासणीही करतात. ही उलटापालट असलेला रोग औषधांना तुलनेने चांगली दाद देतो.

ल्युकेमिया आणि लिम्फोमा यांच्यातली सीमारेषा आतड्यात फारच पुसट आहे. बर्किट लिम्फोमा मुलांच्या पोटात, उंडुकाच्या आसपास, दिवसांगणिक वाढतो. अस्थिमज्जेत त्याच्या पेशी चतुर्थांशापेक्षा अधिक झाल्या की त्याच आजाराला बर्किट ल्युकेमिया म्हणतात. तान्ह्या बाळाचे आतडे आतड्यात शिरले तर त्यामागे सहसा गंभीर कारण नसते. पाच-सात वर्षांच्या मुलाला तेच झाले तर आतड्याला ओढून नेणारी गाठ शोधावी लागते आणि ती गाठ बर्किटची असू शकते. मराठी घरांत या गटातल्या एका आजाराचे नाव मात्र पन्नास वर्षांहून अधिक काळ परिचित आहे. १९७१ च्या ‘आनंद’ चित्रपटातला नायक ‘लिम्फोसार्कोमा ऑफ द इन्टेस्टाइन’ने आजारी असतो. त्यात डॉक्टर प्रकाश कुलकर्णी आणि त्याची पत्नी सुमन या भूमिका रमेश देव आणि सीमा देव यांनी केल्या. लिम्फोसार्कोमा हे नाव आता वापरातून गेले. त्याच्या जागी लिम्फोमाचे अनेक प्रकार आले असून त्यांतले काही पूर्ण बरे होतात. आतड्याच्या गाठीचे निदान नावासकट पहिल्या रिळातच पक्के असणे ही मात्र सिनेमाची चैन. प्रत्यक्षात तिथवर पोचायला चार ठिकाणचे कागद एकत्र यावे लागतात.

कारण असे की आतड्याचा शब्दसंग्रह तोकडा आहे. लाली, सूज, व्रण, गाठ आणि रक्त एवढ्याच शब्दांत ते सगळे आजार सांगते. महाराष्ट्रात इलियम आणि उंडुक यांच्या सांध्यावर गाठी आणि व्रण दिसले की पहिले नाव क्षयाचे येते, आणि ते चूक म्हणता येत नाही. आतड्याच्या क्षयाची आवडती जागा हीच आहे. त्याचे व्रण बहुधा आडवे, आतड्याला वेढा घालणारे असतात आणि मधली झडप ताठ होऊन उघडी राहते. बायोप्सीत ग्रॅन्युलोमा मिळाला, सीबीनॅट चाचणीत जंतू सापडला, तर प्रश्न मिटतो. पण दोन्ही निष्फळ ठरणेही नेहमीचेच. मग क्षयाची औषधे, दवाखान्याच्या भाषेत एकेटी, अंदाजाने सुरू केली जातात. दोन-तीन महिन्यांनी फरक पडला नाही तर क्रोन्स या आतड्याच्या दाहाच्या आजाराचा विचार होतो. अशा क्रमात ल्युकेमिया किंवा लिम्फोमा असलेल्या रुग्णाचे महिने वाया जातात. अमीबाचे व्रणही उंडुकातच पडतात आणि स्टेरॉइड दिल्यास चिघळतात.

स्टेरॉइडचा आणखी एक धोका आहे आणि तो पुरेसा सांगितला जात नाही. तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियावरच्या उपचारात प्रेडनिसोलोन आणि डेक्सामेथासोन ही मुख्य औषधांपैकी आहेत. कर्करोगी लिम्फोब्लास्ट त्यांनी काही दिवसांत वितळतात. आतड्याला सूज आहे असे समजून रुग्णाला स्टेरॉइड दिले तर पोटदुखी थांबते, ताप उतरतो, भूक लागते, घरचे खूश होतात. नंतर केलेल्या बायोप्सीत आणि कधी अस्थिमज्जेच्या तपासणीतही रोग सापडत नाही. तो काही आठवड्यांनी परततो, तेव्हा पहिल्या औषधाला सरावलेला असू शकतो. म्हणून स्टेरॉइडचा पहिला डोस देण्याआधी रक्ताची स्लाइड, म्हणजे पेरिफेरल स्मिअर, एखाद्या पॅथॉलॉजिस्टने स्वतः पाहिलेली असावी. यंत्राने छापलेला सीबीसीचा आकडा तिची जागा घेऊ शकत नाही. पांढऱ्या पेशींची एकूण संख्या सामान्य असतानाही त्यांत ब्लास्ट, म्हणजे अपरिपक्व कर्करोगी पेशी, असू शकतात आणि काही यंत्रे त्यांना लिम्फोसाइट किंवा मोनोसाइटच्या रकान्यात टाकून मोकळी होतात.

शौचावाटे रक्त पडले की बहुतेक घरांत निदान आधीच झालेले असते : मूळव्याध. औषधाच्या दुकानातले मलम, ओळखीतल्या कोणी सुचवलेले चूर्ण, जाहिरातीतला इलाज असा प्रवास होतो. बहुतेकांना खरोखरच मूळव्याध असते, म्हणून हा समज टिकून आहे. त्यात निसटतो तो रुग्ण, ज्याच्या हिरड्यांतूनही रक्त येते, पायांवर लाल ठिपके उठले आहेत आणि जो महिनाभरात पांढरा पडला आहे. त्याची प्लेटलेटची संख्या दीड लाखाच्या वर असायला हवी, ती दहा-पंधरा हजारांवर आलेली असते. गुदद्वाराजवळच्या गळवाचेही तसेच. ल्युकेमियात काम करणाऱ्या न्यूट्रोफिल नसतात, आणि पू हा मुख्यत्वे न्यूट्रोफिलचाच बनतो. त्यामुळे अशा रुग्णाला तिथे असह्य वेदना होतात, जागा कडक लागते, तापही असतो, पण पू दिसत नाही. पू नाही म्हणजे गळू नाही, हा हिशेब इथे चुकतो. न्यूट्रोफिल इतक्या कमी असताना गुदद्वारात बोट घालून तपासणे किंवा तिथे थर्मामीटर लावणेही टाळतात. मूळव्याधीची शस्त्रक्रिया असो की भगंदराचे क्षारसूत्र, त्याआधी साधा सीबीसी झालेला असावा, ही अपेक्षा मोठी नाही.

दुर्बीण कधी घालायची नाही, हे या विषयातले सर्वांत महत्त्वाचे प्रकरण आहे. केमोथेरपीनंतर दुसऱ्या आठवड्याच्या आसपास न्यूट्रोफिल एका मायक्रोलिटरमागे ५०० च्या खाली जातात. त्या दिवसांत ताप, जुलाब आणि पोटाच्या उजव्या खालच्या भागात दुखणे अशी त्रयी दिसली तर टिफ्लायटिस धरून चालावे. उंडुक हा मोठ्या आतड्याचा सर्वांत फुगीर भाग, त्याची भिंत पातळ, तिचा रक्तपुरवठा तुलनेने बेताचा आणि आतला माल रेंगाळणारा, म्हणून घाव तिथे बसतो. केमोथेरपीने सोललेल्या अस्तरातून जंतू भिंतीत जातात, भिंत सुजते, काळी पडते, फाटू शकते. दुर्बिणीसाठी आतड्यात हवा भरावी लागते. अशा भिंतीला तो ताण सोसत नाही, आणि प्रत्येक हालचालीबरोबर जंतू रक्तात ढकलले जातात. म्हणून इथे कोलोनोस्कोपी वर्ज्य मानतात. सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनमध्ये भिंतीची जाडी ४ मिलिमीटरच्या वर गेलेली दिसली की निदानाला आधार मिळतो. ती १० मिलिमीटरच्या पुढे गेली तर मृत्यूचा धोका बराच वाढतो. सोनोग्राफी खाटेजवळ नेता येते, रोज करता येते आणि तिला खर्चही कमी, म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी तिचे मोल सीटीपेक्षा अधिक मानायला हवे. उपचारात तोंडाने खाणे बंद, शिरेतून पाणी आणि व्यापक प्रतिजैविके, गरजेनुसार रक्त आणि प्लेटलेट. जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या टाळतात. आतडे फाटले, रक्तस्राव आवरेना किंवा प्रकृती ढासळतच गेली तरच सर्जन पोट उघडतात. अपेंडिक्स समजून घाईने केलेली शस्त्रक्रिया अशा रुग्णाला महागात पडते. पांढऱ्या पेशी परत वर आल्या की बहुतेकांचे आतडे सावरते.

कोलोनोस्कोपी करायचीच झाली तर आकडे पाहून करतात. तुकडा घ्यायचा असेल तर प्लेटलेट ५०,००० च्या वर असाव्यात, हा सर्वसाधारण दंडक. नुसते पाहायचे असेल तर त्याहून कमीवर भागते. संख्या कमी असेल तर तपासणीच्या लगेच आधी प्लेटलेट चढवतात. एकाच दात्याकडून यंत्राने काढलेल्या प्लेटलेटची पिशवी, म्हणजे एसडीपी, मिळवण्यासाठी नातेवाइकांची जी धावपळ होते ती हिशेबात धरून तपासणीची वेळ ठरवावी लागते. चढवलेल्या प्लेटलेट फार काळ टिकत नाहीत. पिशवी सकाळी लागली आणि दुर्बीण दुसऱ्या दिवशी घातली तर तिचा फायदा उरत नाही. संपूर्ण आतडे पाहण्याची गरज नसेल तर एनिमा देऊन फक्त डावी बाजू पाहण्यावर भागवतात, दोन लिटर औषध पिण्याचे कष्ट वाचतात.

प्रत्यारोपणानंतरचे आतडे हा स्वतंत्र प्रांत आहे. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले आणि तिथेच १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातले पहिले यशस्वी बोन मॅरो प्रत्यारोपण केले. ती नऊ वर्षांची मुलगी तीव्र मायलॉइड ल्युकेमियाची रुग्ण होती आणि मॅरो तिच्या भावाचा होता. दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीराला परके समजून त्याच्यावर चाल करतात, तेव्हा त्वचा, यकृत आणि आतडे हे तिघे आधी सापडतात. या ग्राफ्ट-व्हर्सस-होस्ट विकारात दिवसाला लिटरच्या हिशेबात हिरवट पातळ जुलाब होतात. दुर्बिणीत अस्तर कधी चक्क निरोगी दिसते, कधी लाल आणि सुजलेले. जपानी डॉक्टरांनी कासवाच्या पाठीसारख्या नक्षीचे वर्णन केले आहे. तीव्र रूपात अस्तर सोलून निघते आणि खालचा थर उघडा पडतो. निदान होते ते सूक्ष्मदर्शकाखाली, अस्तरातल्या नळीसारख्या ग्रंथींच्या तळाशी एकेक पेशी मरताना दिसते तेव्हा. मायकोफेनोलेट या औषधानेही जवळपास तसेच चित्र तयार होते. त्यातच प्रत्यारोपणानंतर सायटोमेगालोव्हायरस जागा होतो आणि कोरून काढल्यासारखे खोल व्रण पाडतो. ग्राफ्ट-व्हर्सस-होस्टचा उपचार प्रतिकारशक्ती दाबण्याचा, व्हायरसचा तिला वाव देण्याचा. दोन्ही एकत्र असतील तर डॉक्टरांची ओढाताण होते. व्हायरस शोधायचा तर तुकडा व्रणाच्या तळातून घ्यावा लागतो आणि ग्राफ्ट-व्हर्सस-होस्ट विकारासाठी व्रणाबाहेरच्या, शाबूत दिसणाऱ्या अस्तरातून. दोन्ही ठिकाणचे तुकडे वेगवेगळ्या बाटल्यांत ठेवणे म्हणूनच गरजेचे.

औषधांनी होणारे कोलायटिस त्या मानाने सोपे, कारण औषध थांबवले की बहुधा ते निवते. क्रॉनिक मायलॉइडसाठी दिल्या जाणाऱ्या डासाटिनिबने रक्ती जुलाब लागू शकतात; क्रॉनिक लिम्फोसायटिकसाठीच्या आयडेलालिसिबने होणारा दाह अधिक चिवट असतो आणि त्याला स्टेरॉइड लागते. अडचण एवढीच की रुग्ण औषधाचे नाव सांगत नाही, ‘ब्लड कॅन्सरची गोळी’ म्हणतो, आणि दुर्बीण करणारा तेवढ्यावर थांबतो.

बायोप्सीचा तुकडा दोन-तीन मिलिमीटरचा असतो. ल्युकेमियाच्या पेशी अस्तराखालच्या थरात साचलेल्या असतात आणि चिमटा वरवरचाच तुकडा उचलतो, म्हणून एकाच जागी पुन्हा चिमटा लावून खोलवरचा तुकडा मिळवतात आणि किमान सहा-आठ तुकडे घेतात. बहुतेक तुकडे दहा टक्के फॉर्मलिनमध्ये जातात. फ्लो सायटोमेट्रीसाठी मात्र पेशी जिवंत लागतात. तो तुकडा सलाइनमध्ये, त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचला पाहिजे. सगळेच फॉर्मलिनमध्ये टाकले की ती वाट बंद होते. बाटलीबरोबरच्या मागणीपत्रावर ‘कोलायटिस, कारण शोधावे’ एवढेच लिहून आले तर पॅथॉलॉजिस्ट दाह शोधतो आणि त्याला दाह सापडतो. त्याच कागदावर रक्तातल्या पेशींचे आकडे, आधीचे निदान, चालू असलेली औषधे आणि प्लेटलेटची संख्या लिहिलेली असेल तर तो लिम्फोसाइटच्या त्याच पुंजक्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो आणि योग्य चाचण्या आपणहून लावतो. दुर्बिणीतल्या देखाव्याला निदानात जेवढे वजन दिले जाते त्यातले बरेचसे या कागदाला द्यायला हवे.

नाशिक जिल्ह्यातला रुग्ण पुढच्या उपचारासाठी टाटा रुग्णालयात, परळला किंवा खारघरला, निघतो तेव्हा त्याच्या पिशवीत बहुधा छापील रिपोर्ट असतात, स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक नसतात. टाटा रुग्णालयात बाहेरच्या बायोप्सीची फेरतपासणी होते आणि तिच्यासाठी ब्लॉकच लागतो. तो नाशिकच्या प्रयोगशाळेत राहिला असेल तर सुरगाण्याहून आलेल्या माणसाला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत मुक्काम वाढवून नातेवाइकाला परत पाठवावे लागते. निघतानाच स्लाइड, ब्लॉक, स्मिअरची काच, कोलोनोस्कोपीचे रंगीत फोटो आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे कागद एका फाइलमध्ये असले तर हा फेरा टळतो.

आतड्यातल्या ल्युकेमियाचा उपचार आतड्यावर होत नाही. गाठी दुर्बिणीने कापून काढायच्या नसतात. अडथळा, छिद्र किंवा न थांबणारा रक्तस्राव नसेल तर शस्त्रक्रियाही लागत नाही. मूळ रोगावर योग्य केमोथेरपी दिली की उंचवटे बसतात, रक्तवाहिन्यांच्या फांद्या पुन्हा दिसू लागतात. मोठ्या व्रणाच्या जागी कधी अरुंदपणा उरतो. रोग वितळण्याच्या वेगामुळे भिंतीला छिद्र पडण्याचा धोका सुरुवातीच्या दिवसांत असतो, म्हणून आतड्यात मोठी गाठ असलेल्या रुग्णाला पहिल्या फेरीत रुग्णालयात ठेवून पोटावर नजर ठेवतात. रोग ओसरल्यावर नियमाने पुन्हा कोलोनोस्कोपी करण्याची गरज बहुतेकांना नसते. अपवाद क्रॉनिक लिम्फोसायटिकचा : या रुग्णांत दुसरे कर्करोग होण्याचा धोका सर्वसामान्यांपेक्षा अधिक असतो. त्यांच्या मोठ्या आतड्यात दिसलेला प्रत्येक पॉलिप ल्युकेमियाच्या खात्यावर टाकता येत नाही. तो साध्या पॉलिपसारखा काढून तपासणीला पाठवतात, आणि त्यात कधी आतड्याचा स्वतःचा कर्करोग आणि ल्युकेमियाच्या पेशी एकाच स्लाइडवर शेजारी शेजारी निघतात.